वर्गांतील उद्धटपणा व मनांतील वादळ



आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक गांवांत एक तरी असा मुलगा असतो, कीं ज्याच्याविषयीं शिक्षक, आईबाप व शेजारी या सर्वांचें एकमत झालेलें असतें. वय तेरा-चौदा वर्षांचें. कालपरवांपर्यंत सांगितलेलें ऐकणारा. आणि आतां एकाएकीं उलट उत्तर देणारा, मागच्या बांकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा, दोनदां हांक मारिली तरी न ऐकणारा, व तिसऱ्या हांकेस वह्या आपटून उठणारा. "पोरगा माजला," असा निकाल सर्व जण देतात. आणि निकाल दिला म्हणजे विचार संपतो. आजच्या धड्यांत आम्हांस त्या संपलेल्या विचारापासूनच आरंभ करावयाचा आहे. वर्गांत जें वर्तन डोळ्यांस दिसतें, त्याच्या मागें कोणती भावना असते, ती ओळखावी कशी, आणि ओळखल्यावर शिक्षकानें व घरच्या वडील माणसांनीं काय करावें, हा या धड्याचा विषय होय. गांवोगांवीं सायंकाळचे व रविवारचे वर्ग चालविणाऱ्या उपदेशक बंधूंनीं तो विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी आमची विनंति आहे.

१. एक चुकलेला निकाल

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं खारेपाटांतील एका लहान गांवीं आम्ही नववी-दहावीच्या मुलांकरितां सायंकाळचा अभ्यासवर्ग चालवीत होतों. श्रावणाचे दिवस होते. वर्गांत गणितांत हुशार, पण बोलण्यांत तुसडा असा एक मुलगा होता. एके दिवशीं तो वहीवांचून आला. "वही कोठें आहे?" असें आम्हीं सर्वांदेखत विचारिलें. खालीं पाहून तो म्हणाला, "खाडींत गेली." वर्गांत एकच हशा पिकला. आम्हांस वाटलें, हा आमची थट्टा करितो. आम्ही संतापलों आणि म्हणालों, "वहीबरोबर तुझी अक्कलही खाडींत गेलेली दिसते. जा, पडवींत उभा राहा." मुलें पुन्हां हांसलीं. तो पडवींत उभा राहिला नाहीं; पायऱ्या उतरून चालता झाला. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं, तिसऱ्या दिवशींही आला नाहीं.

चौथ्या दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. भिंतीवर गुडघाभर उंचीची चिखलाची रेघ उमटली होती. अमावास्येच्या उधाणानें बांधाला खांड पडली होती, आणि मध्यरात्रीं खारें पाणी भातशेतांतून घरांत शिरलें होतें. कणगींतील भात, अंथरुणें व मुलाचें दप्तर, सर्व कांहीं पाण्याबरोबर गेलें होतें. त्याच्या उत्तरांत थट्टा नव्हती. तें अक्षरशः खरें होतें. त्याच्या आईनें आम्हांस दोष दिला नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "गुरुजी, तो तुम्हांला सारं सांगणार होता. पण पोरं हांसली, नि मग त्याला बोलवेना." मुलगा मामाबरोबर पनवेलीस हमालीच्या कामावर गेला होता. आम्हीं दोनदां निरोप पाठविला. तो शाळेंत परत आला नाहीं.

त्या मुलाची बुद्धि कमी नव्हती. त्या सायंकाळीं जी बुद्धि कमी पडली, ती आमची होती. आणि ती गणिताची किंवा भाषेची बुद्धि नव्हती. तिला आज पंडितांनीं एक नांव दिलें आहे. तें प्रथम समजून घेऊं.

२. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय?

१९९० सालीं पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या दोघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं 'भावनिक बुद्धिमत्ता' या नांवाखालीं आपला विचार मांडिला. १९९५ सालीं डॅनिएल गोलमन यांनीं याच विषयावर लिहिलेल्या ग्रंथामुळें हें नांव जगभर सर्वतोमुखीं झालें. पुढें १९९७ सालीं मेयर व सॅलोव्ही यांनीं या बुद्धीचीं चार अंगें सांगितलीं. पहिलें, आपल्या व दुसऱ्याच्या मनांतील भावना ओळखणें. दुसरें, त्या भावनेचा विचार करण्याच्या कामीं उपयोग करून घेणें. तिसरें, ती कोठून आली व पुढें कोठें जाईल हें समजणें. आणि चवथें, तिला योग्य वळण लावणें.

हें चारही अंगांचें ज्ञान आपल्या कोळी बांधवांस दुसऱ्या रूपानें ठाऊकच आहे. होडीवरील तांडेल वारा थांबवूं शकत नाहीं, आणि थांबविण्याचा यत्नही करीत नाहीं. तो आभाळाचा रंग पाहून वारा ओळखतो. तो कोणत्या दिशेचा, किती वेळ टिकणारा, हें जाणतो. सोयीचा असेल तर शिडांत भरून घेतो. आणि तुफानाचा असेल तर शीड उतरवून सुकाणू घट्ट धरितो. राग, भीति, लाज, हेवा हे मनाचे वारे आहेत. ते वाहूं नयेत अशी आज्ञा मुलास देणें व्यर्थ होय. ते वाहूं लागले असतां होडी कशी हांकावी, हें मात्र त्यास शिकवितां येतें.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. कित्येक लोक या विषयाचा फार गाजावाजा करितात, आणि भावनिक बुद्धिमत्ता असली म्हणजे परीक्षा, नोकरी व संसार सर्व आपोआप सुधारेल असें सांगतात. इतकें म्हणण्यास आधार नाहीं. २०२० सालीं ४२,००० हून अधिक विद्यार्थ्यांसंबंधींचीं संशोधनें एकत्र करून तपासण्यांत आलीं, तेव्हां भावनिक बुद्धिमत्ता व अभ्यासांतील यश यांचा संबंध आहे, पण तो मध्यम स्वरूपाचा आहे, असें दिसून आलें. सामान्य बुद्धि व नेटानें काम करण्याची संवय यांची जागा ती घेऊं शकत नाहीं. तथापि ज्या मुलाचें मन रागानें किंवा भयानें व्यापलें आहे, त्याच्या बुद्धीस व संवयीस वावच राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

३. याच वयांत असें कां होतें?

आईबाप नेहमीं विचारितात, "लहानपणीं इतका गुणी होता, मग आतांच काय झालें?" याचें कांहींसें उत्तर मेंदूच्या अभ्यासानें दिलें आहे. मेंदूच्या आंत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्यास अमिग्डला म्हणतात. भय व धोका यांची चाहूल लागतांच तो जागा होतो. कपाळाच्या मागें मेंदूचा जो पुढला भाग आहे, त्याचें काम आवर घालण्याचें, परिणामाचा विचार करण्याचें व दूरवर पाहण्याचें असतें. हा पुढला भाग सर्वांत शेवटीं परिपक्व होतो. त्याची वाढ वयाच्या पंचविशीच्या सुमारापर्यंत चालू असते. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षीं शीड पुरें उभारलेलें असतें, परंतु सुकाणू बसविण्याचें काम अद्याप चाललेलें असतें.

दुसरें कारण सोबत्यांचें. २००५ सालीं मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरनिराळ्या वयाच्या लोकांस पडद्यावर मोटार चालविण्याचा खेळ खेळावयास दिला; कांहींस एकट्यानें, व कांहींस सोबत्यांच्या देखत. किशोरवयीन मुलें सोबती पाहत असतां, एकट्यानें खेळणाऱ्या मुलांपेक्षां पुष्कळच अधिक धोके पत्करितात, असें आढळलें. प्रौढ माणसांत तसा फरक विशेष दिसला नाहीं. यावरून शिक्षकानें एक धडा घ्यावा. या वयाच्या मुलास चाळीस जणांसमोर ओरडून बोललें असतां, तो शिक्षकास उत्तर देत नसतो. तो त्या चाळीस जणांस उत्तर देत असतो. त्यांच्यासमोर मान खालीं घालणें त्यास मरणप्राय वाटतें. तोच मुलगा वर्ग सुटल्यावर, पिंपळाच्या पाराशीं, एकटा असतां सरळ बोलतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

तिसरें कारण झोपेचें. या वयांत शरीराचें घड्याळ पुढें सरकतें. मुलास रात्रीं उशिरां झोप येते व सकाळीं लवकर जाग येत नाहीं. त्यांत ज्या मुलास पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळीं टोपल्या उचलाव्या लागतात, किंवा ज्या मुलीस शाळेपूर्वीं पाणी भरून धाकट्यांचें आवरावें लागतें, त्यांनीं पहिल्या तासास जांभई दिली, तर तो गुरुजनांचा अपमान समजूं नये.

मात्र या सर्व गोष्टी कारणें आहेत. त्या सबबी नव्हेत. सुकाणू अद्याप बसावयाचें आहे, म्हणून होडी खडकावर जाऊं द्यावी, असें कोणी शहाणा तांडेल म्हणणार नाहीं. उलट, अशा होडीपाशीं त्यानें अधिक जागें राहिलें पाहिजे.

४. आपल्या किनाऱ्यावरील वादळ

आतां आपल्याच जिल्ह्याचा दाखला घेऊं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा या भागांत घरांचीं छपरें उडालीं, शाळांचे पत्रे व कौलें गेलीं, विजेचे खांब आडवे झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या राखिलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत भुईसपाट झाल्या. सुपारीचें रोप फळास येण्यास पांच ते सात वर्षें लागतात. म्हणजे त्या एका दुपारीं कित्येक घरांची पुढील पांच-सात वर्षांची मिळकत गेली.

हें संकट आलें त्या वेळीं कोरोनाच्या सांथीमुळें मार्च २०२० पासून शाळा बंदच होत्या. मध्यंतरीं कांहीं वर्ग थोडा काळ उघडले व पुन्हां बंद झाले. ग्रामीण भागांतील पांचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हां सुरू झाले. वादळांत घर मोडलेल्या मुलास ज्या वेळीं शाळा, सोबती व शिक्षक यांची सर्वांत अधिक गरज होती, त्याच वेळीं तीं सर्व त्याच्यापासून दूर होतीं. त्या वर्षीं जीं मुलें नऊ-दहा वर्षांचीं होतीं, तीं पुढें किशोरवयांत आलीं, तीं हें ओझें घेऊनच.

प्रौढ माणसाचें दुःख ओळखूं येतें. तो बसून राहतो, रडतो, देवाघरच्या गोष्टी बोलतो. किशोरवयीन मुलाचें दुःख पुष्कळदां वेष पालटून येतें. तें चिडखोरपणाच्या रूपानें येतें, अभ्यासावरून मन उडण्याच्या रूपानें येतें, डोकें दुखतें, पोट दुखतें अशा तक्रारींच्या रूपानें येतें. आभाळांत ढग दाटतांच एखादा मुलगा वर्गांत अस्वस्थ होतो व शेजाऱ्याशीं भांडण काढितो. बाहेरून पाहणारास तो भांडखोर दिसतो. त्याच्या मनांत मात्र ३ जूनचें छप्पर पुन्हां उडत असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें दहा ते एकोणीस वर्षांच्या दर सात मुलांपैकीं एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गांत अशीं सुमारें सात मुलें असूं शकतात, हें शिक्षकानें लक्षांत ठेवावें.

५. एका शिक्षकाचें उदाहरण

हीं तत्त्वें नवीं असलीं, तरी तीं आचरणांत आणणारे शिक्षक आपल्या देशांत पूर्वींही होऊन गेले. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर सावित्रीची खाडी आहे. ती ओलांडली म्हणजे रत्नागिरी जिल्हा लागतो. त्या जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील पालगड येथें २४ डिसेंबर १८९९ रोजीं पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. त्यांचें कांहीं शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेंत झालें. घरचें वैभव गेलेलें, मन अतिशय हळवें, अशा स्थितींत त्यांचें स्वतःचें किशोरवय गेलें. १९२४ सालीं ते खानदेशांत अमळनेर येथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले, व पुढें तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांजकडे आली.

छात्रालय म्हणजे किशोरवयीन मुलांचीच वसाहत. घरापासून दूर आलेलीं मुलें तेथें अव्यवस्थित राहत, खोल्या घाण ठेवीत. साने गुरुजी रागें भरत बसले नाहींत. मुलें शाळेंत गेलीं म्हणजे त्यांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवीत, पसरलेलें सामान नीट लावीत, आजारी मुलाच्या उशाशीं बसत. मुलांस प्रथम नवल वाटलें, नंतर लाज वाटली, आणि अखेरीस तीं आपण होऊन खोल्या झाडूं लागलीं. मुलांकरितां ते 'छात्रालय दैनिक' हस्तलिखित स्वरूपांत काढीत, आणि १९२८ सालीं त्यांनीं 'विद्यार्थी' मासिक सुरू केलें. १९३० सालीं देशाच्या चळवळींत उतरण्याकरितां त्यांनीं ती नोकरी सोडिली. परंतु अवघ्या सहा वर्षांत त्यांचें 'गुरुजी' हें नांव कायमचें झालें.

येथें लाजेविषयीं एक भेद ध्यानांत घ्यावा. साने गुरुजींच्या मुलांस लाज वाटली, आणि आमच्या वर्गांतील त्या मुलासही लाज वाटली. पहिली लाज प्रेमामुळें आंतून उत्पन्न झाली, म्हणून तिनें मुलास कामास लाविलें. दुसरी लाज आम्हीं बाहेरून, चारचौघांसमोर लादली, म्हणून तिनें मुलास घालवून दिलें. भावना एकच, परंतु ती जागी करण्याच्या रीतीवर फळ अवलंबून राहिलें.

६. शिक्षकानें काय करावें?

प्रथम, आपला वारा ओळखावा. मुलानें उलट उत्तर दिलें कीं आपल्याही छातींत धडधड होते, कान तापतात. त्या क्षणीं बोललेलें वाक्य बहुतेक चुकीचें असतें. म्हणून दोन दीर्घ श्वास घ्यावे, फळ्यावर एक ओळ लिहावी, व मग बोलावें. ज्याला स्वतःचा राग आवरत नाहीं, त्यानें मुलास राग आवरण्यास सांगणें हास्यास्पद होय. मुलें आपला उपदेश विसरतात. आपली वागणूक मात्र पाठ करितात.

दुसरें, निकालाच्या आधीं प्रश्न विचारावा, आणि तो एकांतीं विचारावा. "तूं असें कां केलेंस?" हा प्रश्न ऐकण्यास आरोपासारखा लागतो. त्यापेक्षां "आज कांहीं झालें आहे काय?" असें विचारिल्यास मुलाचें तोंड लवकर उघडतें. उत्तर न दिल्यास आग्रह धरूं नये. "बरें, सांगावेंसें वाटेल तेव्हां मी आहे," इतकें म्हणून सोडून द्यावें, आणि दोन दिवसांनीं पुन्हां सहज विचारावें.

तिसरें, भावनेस नांव द्यावयास शिकवावें. २००७ सालीं मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, चित्रांतील माणसाच्या चेहऱ्यावरील भावनेस शब्दानें नांव दिलें असतां पाहणाराच्या अमिग्डलाची खळबळ कमी होते. आपली मराठी या कामीं श्रीमंत आहे. राग, चीड, वैताग, रुसवा, खंत, हुरहूर, धास्ती, हेवा, शरम, अपमान, उदासी, असे किती तरी शब्द आपल्यापाशीं आहेत, व प्रत्येकाची छटा निराळी आहे. परंतु पुष्कळ मुलगे या सर्वांस मिळून 'राग' हा एकच शब्द वापरितात, कारण मुलग्यास राग शोभतो व भीति शोभत नाहीं, असें आपणच त्यांस शिकविलें आहे. आठवड्यांतून एक दिवस फळ्यावर असे पांच शब्द लिहून, "हें तुम्हांस केव्हां वाटलें?" असें चिठ्ठीवर, नांव न घालतां, लिहावयास सांगावें. चिठ्ठ्या वर्गांत वाचून दाखवूं नयेत. शिक्षकानें एकट्यानेंच वाचाव्या.

चवथें, नियम ढिला करूं नये. दुसऱ्यास मारणें, शिवी देणें, वस्तु फोडणें हें कोणत्याही भावनेमुळें क्षम्य होत नाहीं. "तुला राग आला, हें मला समजलें, पण बांक मोडलास, तो शनिवारीं तूं व मी मिळून नीट करूं," असें सांगावें. भावनेचा स्वीकार आणि वर्तनाची मर्यादा, दोन्ही एकाच वाक्यांत आलीं पाहिजेत. शिक्षेचा हेतु मोडलेलें पुन्हां जोडण्याचा असावा. मारणें तर सर्वथा वर्ज्य आहे. २००९ सालच्या मुलांच्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें, त्याच्या १७ व्या कलमांत, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंसही मनाई केली आहे. चारचौघांत केलेली कुचेष्टा ही दुसऱ्या प्रकारांत मोडते, हें आमच्यासारख्या तोंडाळ शिक्षकांनीं विशेषेंकरून ध्यानीं धरावें.

पांचवें, गप्प मुलांस विसरूं नये. वह्या आपटणारा मुलगा निदान आपले लक्ष तरी वेधून घेतो. तिसऱ्या रांगेंत खालीं मान घालून बसणारी मुलगी कोणासही त्रास देत नाहीं, म्हणून आपण तिला 'गुणी' म्हणतों. पण तिच्या घरीं लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं असतील, घरीं बाप दारू पिऊन येत असेल, किंवा मासिक पाळीच्या दिवसांत शाळेंत सोय नसल्यामुळें ती संकोचून गेली असेल. तिची विचारपूस शिक्षिकेनें किंवा मंडळींतील एखाद्या समंजस वडील बाईनें करावी.

सहावें, आपली मर्यादा ओळखावी. मूल पुष्कळ दिवस जेवत-झोपत नसेल, सर्वांपासून दूर राहत असेल, जगण्यांत अर्थ नाहीं असें बोलत असेल, तर तें नाटक समजूं नये, व केवळ उपदेशावरही भागवूं नये. त्यास आरोग्य केंद्रांत डॉक्टरांकडे न्यावें. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं टेली-मानस ही दूरध्वनि सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. मुलाचा छळ होत असल्यास १०९८ या क्रमांकावर मदत मागतां येते. हे दोन आंकडे प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

७. एक आक्षेप व त्याचें उत्तर

कित्येक वडील मंडळी म्हणतील, "आम्हीं छडी खाल्ली, म्हणूनच शिकलों. असे लाड केले तर पोरें डोक्यावर बसतील." हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. परंतु जे छडी खाऊन शिकले, तेच आज हें बोलावयास आपल्यासमोर आहेत. जे छडी खाऊन पळाले, ते बोलावयास येथें नाहींत. ते वीटभट्टीवर, ट्रकवर, दूरच्या बंदरांत आहेत. त्यांची गणना कोणीं केली?

शिवाय भावना शिकविल्यानें अभ्यास बुडतो, हेंही खरें नाहीं. २०११ सालीं जोसेफ डरलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा २१३ शालेय उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासून प्रसिद्ध केले. त्यांत बालवर्गापासून हायस्कुलापर्यंतचे २,७०,००० हून अधिक विद्यार्थी होते. जेथें भावना व परस्परव्यवहार यांचें शिक्षण व्यवस्थित देण्यांत आलें, तेथें मुलांचें वर्तन सुधारलें, मनाचा त्रास कमी झाला, आणि अभ्यासांतील त्यांचा क्रमांक शंभरांत सरासरी अकरा पायऱ्या वर चढला. हीं संशोधनें बहुतेक परदेशांतील आहेत. आपल्या गांवच्या शाळेंत तेवढेंच फळ येईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मूल ऐकून घेतल्यानें बिघडतें, हा समज मात्र त्यावरून खोटा ठरतो.

८. घरच्या माणसांस दोन शब्द

जून व जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, हातांत पैसा नाहीं, सावकाराचा तगादा दाराशीं. अशा दिवसांत घरांतील बोलणीं कडू होतात, आणि त्याच दिवसांत शाळेचें नवें वर्ष सुरू होतें. बापानें मुलास अडचण लपवून ठेवूं नये. "यंदा हात तंग आहे, वह्या आज थोड्या घेऊं, बाकीच्या पुढच्या महिन्यांत," असें सरळ सांगितलें, तर चौदा वर्षांचा मुलगा तें समजूं शकतो. न सांगतां खेंकसलें, तर तो समजतो कीं मीच कांहीं तरी चुकलों. तसेंच, मुलगा रडला तर "बायकांसारखा रडतोस काय?" असें म्हणूं नये. जे डोळे घरीं रडूं शकत नाहींत, ते वर्गांत वटारले जातात.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें वय आज तिशीच्या सुमाराचें असेल. त्याची क्षमा मागण्याची संधि आम्हांस मिळाली नाहीं. परंतु त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला. कोणाही मुलानें विचित्र उत्तर दिलें, तर तें प्रथम खरें धरावयाचें. वर्ग हांसला, तर आपण हांसावयाचें नाहीं. आणि सर्व मुलें गेल्यावर दाराशीं उभें राहून हळूच विचारावयाचें, "खाडींत गेली म्हणजे काय झालें, बाळा?" एवढा एक प्रश्न त्या सायंकाळीं आम्हीं विचारिला असता, तर बांध फुटलेल्या त्या घरांतील निदान एक गोष्ट तरी वाहून गेली नसती.

अभ्यासासाठीं व चर्चेसाठीं प्रश्न

१. आपल्या वर्गांत किंवा घरांत ज्या मुलास सर्वांनीं 'उद्धट' ठरविलें आहे, त्याच्या घरची गेल्या सहा महिन्यांतील स्थिति आपणांस ठाऊक आहे काय?

२. भावनिक बुद्धिमत्तेचीं चार अंगें सांगा. त्यांपैकीं आपल्या ठिकाणीं कोणतें अंग कमी आहे?

३. किशोरवयीन मुलास सोबत्यांसमोर रागें भरणें व एकांतीं बोलणें यांत फरक कां पडतो?

४. प्रेमानें आंतून उत्पन्न झालेली लाज व बाहेरून लादलेली लाज यांचें एकएक उदाहरण आपल्या अनुभवांतून द्या.

५. येत्या आठवड्यांत कोणत्या एका मुलाची किंवा मुलीची आपण एकांतीं विचारपूस कराल? त्याचें नांव कोणासही न सांगतां मनांत ठेवा, आणि तें काम करा.